मिळून न आलेल्या आक्का

उकळत्या तेलाची कढई घेऊन पळणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. त्या आमच्या भजीवाल्या आक्का. पळताना तेलाचा थेंब सांडायचा नाही, डोक्यावरचा पदर ढळायचा नाही आणि घाण्यातली भजी करपायची नाहीत. नगरपालिकेच्या अतिक्रमण पथकाची जीप चौकातल्या गतिरोधकावर आदळली की तो आवाज आक्कांना सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा. डाव्या हातानं गॅस बंद, उजव्या हातानं कढईवर परात, परातीवर वरवंटा, चाकाखालचा दगड पायानं बाजूला, की गाडा निघाला. "आक्का, एक प्लेट" एवढं मी एसटी स्टँडसमोर म्हणायचो आणि "मिरची जास्त" हे स्टँडमागच्या बोळात. गिऱ्हाइकानं गाड्यामागं जायचं असा तिथला शिरस्ताच होता. नवख्या माणसाला आक्का चालता चालता बजावायच्या, "ताटली घिऊन तितंच हुबं ऱ्हाऊ नगा. साक्षीदार हुशीला."

आमचं गाव सातारा आणि सांगली यांच्या मधे कुठंतरी आहे. ते शहर आहे असं नगरपालिकेचं म्हणणं. लोकांचा अजून निर्णय झालेला नाही. शहर म्हटलं की शिस्त आली म्हणून स्टँडसमोर 'ना फेरीवाला क्षेत्र' असा मोठा निळा फलक लावला गेला. त्याचं रीतसर अनावरण झालं, नारळ फुटला, तीन भाषणं झाली. भाषणांनंतर मान्यवरांना गरम भजी देण्यात आली आणि ती अर्थातच आक्कांनी तळली होती. दुसऱ्या दिवसापासून आक्का नेमक्या त्या फलकाखाली उभ्या राहू लागल्या, कारण दुपारी चारनंतर त्याची सावली चांगली पडायची. माझ्या माहितीत त्या फलकाचा दुसरा काही उपयोग झाला नाही.

आक्का मूळच्या माणदेशातल्या, मेंढपाळांच्या घरातल्या. लहानपण आणि लग्नानंतरची दहा-बारा वर्षं मेंढरांमागं गेलेली. आज या रानात तळ, उद्या त्या रानात. पहाटे चूल विझवून, भांडी, कोंबड्या आणि पोरं घोड्यावर लादून उजाडायच्या आत वाटेला लागायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पुढं मेंढरं विकली, नवरा मुंबईला हमालीला गेला, आक्कांनी इथं गाडा टाकला. पण बिऱ्हाड उचलायची रीत तीच राहिली. पळायच्या घाईतसुद्धा त्या केरसुणीचा एक हात मारून जायच्या. "आपुन उठल्यावर जागेला कळू नये कोन बसलं हुतं त्ये," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पथक येऊन पाही, तर लख्ख झाडलेली जागा आणि हवेत ओव्याचा वास. पथकप्रमुख गॉगल काढून थोडा वेळ तो वास घेत उभे राहत आणि पुन्हा गॉगल घालत. कारवाई संपली.

पथकाबरोबर बंदोबस्ताला पोलीस ठाण्याचे एक हवालदार असत. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले, स्वभावानं मऊ. दुपारी ते आक्कांना पकडायला येत आणि संध्याकाळी साध्या कपड्यांत भजी खायला. एकदा वर्दीतच आले, तर आक्कांनी झारा खाली ठेवला.

"कपडं बदलून या जावा."

"आवं आक्का, भूक लागलीया."

"वर्दीवर त्याल सांडलं तर सरकारचं नुस्कान हुतंय. आन वर्दीतल्या मानसाला बगून माजा हात कापतोय, मीठ जास्त पडतंय."

हवालदार निमूट घरी जाऊन बुशकोट घालून आले. हात कापतो हे मात्र मला कधी पटलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग दोन-तीन वर्षांपूर्वी सरकारला फेरीवाल्यांची दया आली. त्यांचं सर्वेक्षण होणार, ज्याची नोंद होईल त्याला प्रमाणपत्र आणि स्टँडसमोर आखून दिलेली पक्की जागा मिळणार. ज्याची नोंद नाही त्याचा गाडा जप्त होणार आणि परत मिळणार नाही. रिक्षावर कर्णा लावून हे गावभर सांगण्यात आलं. मी तेव्हा इथल्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो. लिहितं-वाचतं गिऱ्हाईक म्हणून फेरीवाल्यांना सूचना समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी आक्कांना तीनदा सांगितलं, "उद्या पळायचं नाही. उद्या जागेवर उभं राहायचं. तुमचा गाड्यासह फोटो काढणार आहेत."

"पळू कशाला? मला काय खूळ लागलंय व्हय, सर?" आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आक्का इरकल नेसून आल्या. पाणीपुरीवाल्यानं दाढी केली होती. वडापाववाल्यानं गाड्याला झेंडूची माळ घातली होती. अकरा गाडे ओळीनं उभे, जसं काही लग्नातलं घरातल्या माणसांचं फोटोसेशन. आता नगरपालिकेकडं चालू स्थितीतली जीप एकच. सर्वेक्षणाचे अर्ज, मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन कर्मचारी निघाले ते तिच्यातूनच. जीप चौकातल्या गतिरोधकावर आदळली.

पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आक्कांचा डावा हात गॅसवर गेला. बाकीचे सगळे वर्षानुवर्षं आक्कांच्या डाव्या हाताकडं बघून पळत आलेले. माळेसकट वडापाव गेला, दाढीसकट पाणीपुरी गेली. मी "अहो, आक्का!" म्हणेपर्यंत रस्ता झाडून स्वच्छ झाला होता. बोळात मात्र शिस्तीत शांतता. जीप परत जाईपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही हा नियम, तो त्या दिवशीही पाळला गेला. मी बोळाच्या तोंडाशी जाऊन सांगायला लागलो, तर आक्कांनी ओठावर बोट ठेवून मलाच गप्प केलं. जीप गेल्याचा आवाज आल्यावर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आगं बया! आज पळायचं न्हवतं न्हवं?"

सर्वेक्षणात त्या रस्त्यावर एकच विक्रेता आढळला. चहावाले तात्या. ते तोंडावर वर्तमानपत्र टाकून झोपले होते.

नोंद हुकलेल्यांसाठी हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. त्या जागेवर पूर्वीपासून धंदा करत असल्याचा जुना पुरावा आणा, असं सांगण्यात आलं. बाकीच्या नऊ जणांनी घरी जाऊन पुरावे आणले. विनापरवाना विक्री केल्याबद्दल झालेल्या दंडाच्या पावत्या! नाव, जागा, तारीख, शिक्का. याहून चांगला कागद कुठं मिळणार? दहाव्या आक्का. त्यांना घेऊन मी कचेरीत गेलो. खिडकीतला कारकून सज्जन होता, पण कारकून होता.

"मावशी, दंडाची पावती?"

"न्हाई."

"एकसुद्धा नाही?"

"मी कवा घावलेच न्हाई वो," आक्का म्हणाल्या, आणि त्यात थोडा अभिमान होता हे मी नाकारत नाही.

"घावला नाही म्हणजे तुम्ही तिथं नव्हताच. कागदावर तरी नाही."

मी आयुष्यभर वर्गात हेच शिकवत आलो होतो की लेखी पुरावा नसेल तर इतिहासकारानं गप्प बसावं. त्या दिवशी खिडकीसमोर उभं राहून मला त्या वाक्याची जरा लाज वाटली.

बाहेर आल्यावर आक्का पायरीवर बसल्या. त्यांना मी बसलेलं फारसं पाहिलं नव्हतं. "सर, गाडा गेला तर मी काय करू? मेंढरं बी न्हाईत आता," एवढंच म्हणाल्या. मग पदर खोचून उठल्या. "चला. पकडून घिऊया."

पकडून घेणं सोपं असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं. पहिल्या दिवशी जीप आली आणि आक्का बोळात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण पळालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाड्याचं चाक साखळीनं फलकाच्या खांबाला बांधलं आणि किल्ली माझ्याकडं दिली. पण गावात बातमी अर्धीच पोचली होती: आक्का अडचणीत आहेत. म्हणून जीपच्या चालकानं चौकाच्या अलीकडूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली. जीप थांबली तरी कुणी उतरेना. शेवटी हवालदार उतरले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

"आक्का, पळा की! मी बगत न्हाई."

"बगा की वो हिकडं! पकडा मला."

"डोकं फिरलंय का तुमचं? पळा म्हंतोय न्हवं!"

"पळत न्हाई जावा! एवडी वरसं रोज येतायसा आन आज पाठ करताय? पावती फाडा माजी!"

रस्त्यावर गर्दी जमली. एका बाईला अटक होत नाही म्हणून आरडाओरडा चाललेला मी प्रथमच ऐकत होतो. पथकप्रमुखांनी अखेर पावती फाडली. आक्कांनी ती मला वाचायला लावली आणि साहेबांना 'स्टँड परिसर' हे शब्द खोडून 'फलकाखाली' असं लिहायला लावलं. पावती घेऊन आम्ही कचेरीत गेलो. कारकुनानं तारीख पाहिली. "ही आजची आहे. जुनी पाहिजे."

त्या संध्याकाळी हवालदार बुशकोट घालून भजी खायला आले, पण एकेक भजं नुसतं कुरतडत बसले. आपणच या बाईला कधी पकडलं नाही, म्हणून आज ती बुडते आहे, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. अर्धी प्लेट संपल्यावर ते एकदम थांबले. "सर, मी लिवलंय की वो!"

प्रत्येक कारवाईनंतर ते ठाण्यात जाऊन नोंदवहीत चार ओळी लिहीत. पथकप्रमुखांच्या अहवालात दरवेळी 'कारवाई यशस्वी' असं असे. पण हवालदार साधे गृहस्थ, घडलं तेच लिहीत. वही उघडली तेव्हा मी पुराभिलेखागारात कधी वाचली नाहीत अशी पानं वाचली. 'फलकाखाली पोहोचलो असता गरम तेलाचा वास येत होता. भजी विकणारी महिला व गाडा मिळून आला नाही.' पुढच्या आठवड्यात: 'सदर महिला पुन्हा मिळून आली नाही. जागा झाडलेली होती.' पावसाळ्यात: 'महिला मिळून आली नाही. एक भजे मिळून आले, गरम होते.' त्या भज्याचं पुढं काय झालं ते लिहिलेलं नाही. अशी पानंच्या पानं, सगळ्यांवर तारखा.

या पानांच्या नकला काढल्या, पण कारवाई पथकाची म्हणून त्यांवर पथकप्रमुखांची सही हवी होती. ते उसळले. "हे बाहेर आलं तर माझी काय इज्जत राहणार? इतकी वर्षं एक बाई सापडली नाही?"

आक्का शांतपणे म्हणाल्या, "सायेब, तुमी खरंच येत हुता, ह्ये बी त्यातनंच कळतंय की."

हा मुद्दा साहेबांना नवा होता. त्यांनी गॉगल काढला, दोन पानं वाचली आणि सही केली. सुनावणीला आलेल्या अधिकारी बाईंनी सगळ्या नकला वाचल्या. मधे एकदा रुमाल तोंडाला लावून त्यांना खोकल्याची उबळ आली. मग त्यांनी निर्णय लिहिला. त्यातलं एक वाक्य मी उतरवून घेतलं आहे: 'सदर महिला त्याच ठिकाणी सातत्याने मिळून न आल्याने ती तेथे होती, असे दिसते.' तर्कशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हे बसणार नाही. न्यायात मात्र बसलं.

प्रमाणपत्र आलं तेव्हा आक्कांनी ते माझ्या हातात दिलं आणि फक्त जागेची ओळ वाचायला सांगितली. मी वाचली: बसस्थानकासमोर, जागा क्रमांक चौदा. त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

"म्हंजी मला कोन हुडकत आलं तर मी हितं घावनार?"

"घावणार की."

आक्कांनी कढईतली भजी उलटली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माजा बाप गेला तवा आमी मेंढरं घिऊन कोकनाच्या वाटंला हुतो. भाऊ निरोप घिऊन आट दिस हिंडला. ह्या रानातनं त्या रानात. जाईल तितं आमी उटलेलो. जागा झाडलेली." त्यांनी झाऱ्यावरचं तेल निथळलं. "घावलोच न्हाई आमी त्येला."

 मग त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळल्या; त्याला मिरची हवी होती.

त्याच वर्षी मी साताऱ्याला बदलून आलो. दिवाळीला मी आक्कांना एक पत्र टाकलं. आक्कांना वाचता येत नाही, आणि हल्ली पत्र कुणी टाकत नाही, हे मला माहीत होतं. पत्त्यात नाव लिहिलं, बसस्थानकासमोर लिहिलं आणि क्रमांक चौदा जरा मोठ्या अक्षरात लिहिला. पाचव्या दिवशी चहावाल्या तात्यांच्या फोनवरून फोन आला.

"सर, पत्र आलं बगा. खाकी बगून आदी पाय उचलला हुता माजा, पर ऱ्हायले तितंच." मागं कढईचा आवाज येत होता. "आन सर, त्यो पोस्टमन सरळ गाड्यावर आला. कुनाला इचारलं बी न्हाई त्येनं."