गाडीचे खांदे

काल मुलगा अंगणात आमची जुनी गाडी धूत होता. सावलीत उभी करायची, आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्यायची, मग मलमलीने हलकेच पुसायची, हे माझ्या वडिलांचे नियम तो अजून पाळतो. पुसता पुसता म्हणाला, "आई, मडगार्डच्या सांध्यात हे पिवळं काय गं?"

आणि मला हळद-लोण्याचा वास आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. वडील प्रताप नगरच्या घरी परतले आणि फाटकातच थिजले. इंग्रजांच्या काळातली ती काळी गाडी त्यांनी त्याच उन्हाळ्यात घेतली होती. कमी पडलेले पैसे सावनेरच्या आजोबांनी, कापसाचे म्हणून, आणून दिले होते. आता तिच्या आरशासारख्या रंगावर काथ्याने घासल्याचे ओरखडे उठले होते, आणि सणाला आमच्याकडे आलेले आजोबा दोन्ही मडगार्डांना हळद-लोणी चोळत पुटपुटत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकताना बैलांना द्यायचं आमंत्रण, आणि ते गाडीला!

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?" वडील केवढ्यानं ओरडले! आजोबांवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता.

आजोबांचे पिवळे हात तसेच थांबले. "खांदे शेकून राहिलो गा. कापूस कुठचा, मी जोडी इकली होती. मंग यंदा कोणाचे खांदे शेकू?"

वडील मटकन पायरीवर बसले. उन्हाळ्यात त्याच गाडीने आम्ही सगळे मिरवत सावनेरला जाऊन आलो होतो. गोठ्यात कोणी डोकावलंसुद्धा नव्हतं.