थाळी वाजण्याआधीचा शब्द

आदरणीय केशवराव लोंढे, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका बैलामुळे. मी तेव्हा झरीच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकताच रुजू झालो होतो. एका रविवारी गावाबाहेर शेतातल्या आखाड्यावर एका बैलाचा खूर हातात धरून बसलो असताना जवळच्या जुन्या खदानीतून असा धडाका झाला की बैलाऐवजी मीच उडालो. बैल निवांत कडबा खात राहिला. खदानीवर पांढऱ्या धुराचा ढग चढला. आता सगळे संपले असे वाटत असतानाच लांबून 'टण्ण' असा स्वच्छ आवाज आला. मी बैलाच्या मालकाला विचारले, "सुरुंग लावायलेत का?"

"न्हाई साहेब. आज ऐतवार हाय. अण्णा थाळी वाजवायलेत."

या उत्तराने माझ्या डोक्यात काहीच प्रकाश पडला नाही. खुराला पट्टी बांधून मी खदानीकडे गेलो. तिथे सतरंजीवर चार-पाच मंडळी अगदी गप्प बसली होती आणि मधोमध एक उंच, सडपातळ गृहस्थ बाभळीच्या दोन काठ्यांच्या कैचीवर एक लांब, जुनी रायफल टेकवून बसले होते. हवेत सडक्या अंड्यासारखा वास होता. मी विचारले, "इथे काय चालले आहे?" त्या गृहस्थांनी माझ्याकडे न पाहता म्हटले, "बसा. धूर जाऊ द्या, मग बोलू." मी बसलो. तेव्हापासून, मधली बदलीची काही वर्षे सोडता, मी त्या खदानीत दर रविवारी बसतो आहे. तिथे नक्की काय चालते हे मला पूर्ण कळले आहे असे मात्र आजही छातीठोकपणे सांगवत नाही. अण्णांच्या अमृतमहोत्सवाच्या गौरव समितीने या लेखासाठी माझी निवड का केली, हेही एक कोडेच आहे.

ज्यांनी ती खदान पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अण्णांची रायफल निजामाच्या राजवटीपासून त्यांच्या घराण्यात आहे, रीतसर परवान्याची. एका वेळी एकच काडतूस घेते. त्या पितळी काडतुसात अण्णा स्वतः काळी दारू भरतात, वर शिशाची गोळी बसवतात, आणि गोळीला मेण व एरंडेलाचे मिश्रण चोळतात. नेम धरायला दुर्बीण नाही, भिंग नाही. मागे एक खाच आणि नळीच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा, त्याला माशी म्हणतात, बस्स. खदानीच्या पलीकडच्या कड्यापुढे लोखंडी दांडीला साखळीने जाड पोलादी थाळ्या टांगलेल्या असतात. त्या इतक्या लांब की बोटाच्या नखाएवढ्या दिसतात. प्रत्येक फेरीआधी त्यांना चुना फासतात, म्हणजे गोळीचा करडा डाग उमटतो. दारू काळी आणि धूर पांढरा का, हे मी पहिल्याच महिन्यात विचारले होते. अण्णांनी समजावूनही सांगितले. ते मी विसरलो.

बंदूक मी चालवत नाही. माझ्याकडे बाजूला बसून दुर्बिणीतून थाळी पाहण्याचे काम आहे. तरी अण्णांच्या मते खरी साक्ष दुर्बिणीची नसतेच. त्यांचा एकच नियम आहे आणि आमचे सगळे नेमबाजी मंडळ त्या नियमावर उभे आहे. चाप ओढला त्या क्षणी माशी कुठे होती हे नेम धरणाऱ्यालाच ठाऊक असते. धुरामुळे पुढचे काही दिसत नाही, आणि गोळी जाऊन आवाज परत येईपर्यंत एक शब्द बोलण्याइतका वेळ मिळतो. तेवढ्या वेळात त्याने मोठ्याने सांगायचे, 'लागली' किंवा 'हुकली'. आधी बोल, मागून आवाज. थाळी वाजल्यावर 'लागली' म्हणणाऱ्याची गोळी हिशेबात धरायची नाही. एकदा परभणीहून आलेल्या एका बड्या पाहुण्यांनी प्रत्येक वेळी आवाज ऐकूनच 'लागली, लागली' असा गजर केला. अण्णांनी त्यांना चहा पाजला, गाडीपर्यंत पोचवले आणि अदबीने म्हणाले, "आवाज आल्यावर तर बैलालाबी कळतंय, साहेब." पाहुणे परत आले नाहीत. त्यांच्याकडून थाळ्यांसाठी देणगी मिळेल या आशेवर असलेले आमचे चिटणीस आठवडाभर अण्णांशी बोलले नाहीत.

हा नियम अण्णांनी स्वतःसाठी कधी सैल केला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेत त्यांच्या तोंडून 'हुकली' निघाले आणि थाळी मात्र खणखणीत वाजली. पंचांनी गोळी धरली, ढाल अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या मांडीवर ठेवली आणि गाडीत येऊन बसले. वाटेत मी म्हणालो, "अण्णा, लागली ती लागली. लोखंड काय खोटं बोलतं?" ते म्हणाले, "लोखंड खरं बोललं. मी खोटा बोललो." मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. ढाल चांगली होती.

त्यांच्या या काटेकोरपणात माया किती आहे हे मात्र सांगितलेच पाहिजे. एकदा गोळीबार ऐन रंगात असताना कुणाची तरी म्हैस थाळ्यांच्या मागे शिरून चरायला लागली. तरुण मंडळी तिला हाकलायला उठली. अण्णांनी बसवले. "चारा दिसलाय तिला. खाऊ द्या." ऊन चढले, वारा पडला, स्पर्धा बोंबलली, आणि म्हैस पोटभर चरून आपल्या मर्जीने निघून गेली. जनावरांचा माणूस म्हणून मी त्या दिवशी अण्णांचा कायमचा झालो. पुढे माझ्या बदलीचा घोळ सुरू झाला. जावे की राहावे, हे मला ठरवता येईना. मी अण्णांकडे सल्ला मागायला गेलो तर ते म्हणाले, "हुकूम यायच्या आधी सांगा, मनात काय हाय?" माझ्या तोंडून निघाले, "राहायचंय." हुकूम आला तो जाण्याचा, आणि मला जावे लागले. तरीही काही वर्षांनी मी झरीलाच परत आलो. त्या एका शब्दाने नेमके काय केले हे मला अजून उलगडलेले नाही. परत येताना मनात शंका नव्हती, एवढे खरे.

आता ज्या गोष्टीने गेले काही महिने माझी झोप उडवली आहे तिच्याकडे येतो. नियमाचा दुसरा भाग असा आहे की ज्याचा बोल खोटा पडू लागला त्याने बंदूक खाली ठेवायची. आपली गोळी कुठे जाते हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात बंदूक नको, हे त्यामागचे साधे कारण. नवशिक्यांना चुका माफ असतात. पण अण्णांच्या थोरल्या बंधूंचे बोल उतारवयात चुकू लागले तेव्हा अण्णांनीच त्यांच्यापुढे हात जोडून त्यांना थांबवले होते. त्या दिवशी ते आम्हाला म्हणाले होते, "यापुढं माझा एक जरी बोल खोटा पडला तरी मी थांबणार. या वयात पहिली चूक तीच शेवटची."

गेल्या खंडेनवमीला, शस्त्रपूजेनंतर, नेहमीप्रमाणे शेवटची फेरी झाली. या फेरीत दोघांनी एकाच इशाऱ्यावर, शेजारच्या दोन थाळ्यांवर, एकदम गोळी झाडायची अशी आमची पद्धत आहे. डावीकडे अण्णा होते. उजवीकडे मंडळाची रायफल घेऊन रेखा वाघमारे होत्या. पालमच्या शाळेत क्रीडाशिक्षिका असलेल्या रेखाताई अण्णांच्याच हाताखाली तयार झाल्या आहेत. अण्णांच्या डोळ्याचे ऑपरेशन त्याआधी झाले होते आणि माशी कधीकधी दोन दिसते असे ते पुटपुटल्याचे मी ऐकले होते. त्यामुळे माझाच जीव वर-खाली होत होता. इशारा झाला. दोन्ही बार एकदम उडाले. वारा अजिबात नव्हता, दोन्ही रायफलींचा धूर माझ्या दुर्बिणीपुढे येऊन थांबला. धुरातून अण्णांचा आवाज आला, "हुकली." रेखाताईंचा आला, "लागली." मग 'टण्ण' झाले, एकदाच.

धूर विरला तेव्हा डावी थाळी झुलत होती. तिच्यावर करडा डाग होता. उजवी कोरी होती. डावी अण्णांची! मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. अण्णा उठले, नळी पुसली, रायफल गवसणीत घातली आणि म्हणाले, "माझा बोल खोटा पडला." टाळ्या मधेच थांबल्या. रेखाताईंचे तोंड पांढरेफटक पडले होते. कुणी काही बोलण्याआधीच अण्णा निघून गेले. त्यानंतरचे कितीतरी रविवार ते खदानीवर आले नाहीत.

अशा अवस्थेत समितीचे बोलावणे आले. पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या नेमबाजावर लेख लिहा म्हणे! ज्यांनी बंदूक ठेवली त्यांचा गौरव नेमबाज म्हणून करायचा कसा? मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही कागद फाडले. शेवटी रेखाताईंना बरोबर घेऊन पोखर्णीला अण्णांच्या घरीच गेलो. दारात अण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, भेटल्या. काकूंनी आवाज खाली घेऊन सांगितले, "ऐतवार आला की सकाळपासून येरझाऱ्या घालायलेत. जेवणात लक्ष न्हाई. घेऊन जा बाबा एकदा ह्यांना."

अण्णा बाजेवर बसले होते. त्यांनी प्रेमाने विचारपूस केली. मी लेखाचे सांगितले तेव्हा म्हणाले, "त्यात लिवा, शेवटी अण्णांचा बोल हुकला. मी हुकली म्हणलो, थाळी वाजली. आता ह्यात राहिलं काय?"

रेखाताई म्हणाल्या, "अण्णा, मी काय म्हणले व्हते?"

"लागली म्हणालीस."

"माझ्या थाळीवर डाग व्हता का?"

"न्हवता."

"मग माझी गोळी कुठं गेली?"

हा प्रश्न इतक्या महिन्यांत आमच्यापैकी एकालाही कसा सुचला नव्हता, कोण जाणे. आम्ही सगळे अण्णांकडेच पाहत बसलो होतो.

"तुमच्या थाळीवर गेली," रेखाताई म्हणाल्या. "मी दुसऱ्याची थाळी मारली. सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली. वाटलं, चार-आठ दिवसांत तुमी आपसूक येताल. मग जसजसा उशीर झाला तसतसं तोंडच उघडंना."

दुसऱ्याच्या थाळीवर गोळी मारणे ही आमच्यात मोठी नामुष्की आहे. तशी गोळी बाद होतेच, शिवाय वर्षभर चिडवून घ्यावे लागते. अण्णांचा आवाज चढला. "खोटं बोलू नकोस, पोरी. मला बरं वाटावं म्हणून हे करायलीस तू."

"नियम कोणाचा हाय, अण्णा? आधी बोल, मागून आवाज. मी लागली म्हणले आन् वाजली. तुमी हुकली म्हणलात आन् हुकली. दोघांचेबी बोल खरे. आता माझा बोल तुमाला खोटा ठरवायचा असंल तर ठरवा. मग मीबी आजच बंदूक ठेवते."

काकू चहाचे कप हातात घेऊन दारातच थबकल्या. अण्णांनी हळूच विचारले, "म्हंजे मी हुकलो?"

"हुकलात."

"साफ?"

"साफ हुकलात. थाळीच्या आसपासबी न्हाई."

मी माणसांचे चेहरे वाचण्यात मुळीच हुशार नाही. पण तो चेहरा मला वाचता आला. आपण चुकलो हे ऐकून इतका आनंदलेला माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, आणि कारण नसताना माझेही आले. काकूंनी कप खाली ठेवले आणि म्हणाल्या, "हुकलं तर एवढं हसायला काय झालं?"

परतीच्या वाटेवर मी रेखाताईंना विचारले की खरे काय ते मला तरी सांगा. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "डॉक्टर, दुर्बीण तुमच्याकडं व्हती." मी त्या दिवशी जे पाहिले तो सगळा धूर होता. डाव्या थाळीवरची गोळी कुणाची, हे मला आजही ठाऊक नाही. पूर्वी या गोंधळाचा मला त्रास व्हायचा. आता फारसा होत नाही.

पुढच्या रविवारी अण्णा सगळ्यांच्या आधी खदानीवर हजर होते. कैची रोवली, काडतूस घातले, बराच वेळ नेम धरला. बार झाला, धूर चढला, आणि त्यातून ठणठणीत आवाज आला, "हुकली!" आम्ही कान देऊन बसलो. थाळीकडून काहीसुद्धा आले नाही. अण्णांनी समाधानाने मान हलवली आणि दुसरे काडतूस मागितले.

अण्णांच्या अमृतमहोत्सवानिमित्त सर्वांनी त्यांना अचूक नेमाच्या शुभेच्छा दिल्या आहेत. माझे मागणे थोडे वेगळे आहे आणि ते ऐकून पोखर्णीच्या देवळातला नृसिंहही बुचकळ्यात पडेल. अण्णांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या आयुष्यात त्यांच्या पुष्कळ पुष्कळ गोळ्या हुकोत, आणि दर वेळी ते आम्हाला तसे आधी सांगोत.