वहीत न मावलेलं नाव

लग्न होऊन कळसाडीला आले, त्या वर्षापासून मी रोज पहाटे वहीत रामनाम लिहायचे. वही भरली की शहाद्याच्या एका मंदिरात नेऊन द्यायची. मुलं मोठी झाली, कापसाच्या शेतात केळी आली, वह्या चालूच राहिल्या.

एका पहाटे मधेच पेन संपलं. जप तोडायचा नव्हता. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला निळा रंग कोपऱ्यात होता. त्यात काडी बुडवली आणि लिहीत राहिले. अक्षरं जाड झाली, एकमेकांत मिसळली, मग राहिलीच नाहीत. ओठांवर नाव आणि कागदावर नुसते निळे फराटे. इतकं हलकं वाटलं, की दूध उतू गेलेलंही कळलं नाही.

आमचे मालक धावत आले. “काय करी ऱ्हायनी वं?”

“नाव लिखी ऱ्हायनू.”

“हाई वाचता तर येत नही,” असं म्हणत त्यांनी दुधाचं पातेलं घासायला घेतलं.

ती वही मंदिरातून परत आली. “ताई, यात नाव कुठे आहे?” पुजारी म्हणाले. येताना एसटीत मी रडले आणि आठवडाभर काही लिहिलं नाही. मग एके दुपारी मालक शहाद्याहून मोठ्या कागदांची सुरळी घेऊन आले. “वही लहान पडस तुले. आते यावर लिख.”

कागद अंगणात खाटेवर वाळायचे. गावच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी ते पाहिले. “काकू, याला अमूर्त चित्र म्हणतात,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, असेल. त्यांनीच खटपट करून शहाद्यात एका सभागृहात प्रदर्शन भरवलं.

आमच्या गल्लीतल्या बायका एसटी भरून आल्या. शेजारीण सगळ्यांत मोठ्या चित्रापुढे थांबली.

“हाई कसानं चित्र शे?”

मी म्हटलं, “कसानंच नही.”

ती बराच वेळ बघत राहिली. “मंग बरं शे. आठे उभी ऱ्हायनू का घरनं काहीच याद येत नही.” आणि तिथेच, चित्रासमोर, फरशीवर मांडी घालून बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी. शाळेच्या बाई खुर्च्या आणायला धावल्या, पण कुणी उठेना.

शेवटी चहा तिथेच आणावा लागला.