लेखनिक मीच ठरवून टाकला

मैत्रिणींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

माझी लेक दहावीत आहे. लिहिताना तिची अक्षरं उलटसुलट होतात, म्हणून बोर्डाच्या परीक्षेला तिला लेखनिक किंवा जादा वेळ मिळतो. ती सांगेल ते लिहायला मी शेजारची नववीतली पोरगी ठरवली. अख्ख्या दिंद्रुडात विचारत फिरले, फक्त लेकीलाच विचारलं नाही.

आज तिला कळलं. "आई, मला कावून न्हाई विचारलं? जादा वेळ घेते मी, पण लिहिणार मीच."

"आन् नापास झालीस तर?"

"झाले तर मी होईन, तू थोडीच होणार हायेस?"

आता ती आतून कडी लावून जुना पेपर सोडवतेय. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

असं दाराबाहेर गप बसणं तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?