मामांचे दोन ब्लॉक

हार्टच्या वॉर्डात गोळ्या वेळेवर येतात, किस्से मात्र वेळ पाळत नाहीत. रोज डायरी लिहायची माझी जुनी सवय, त्यामुळे ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात पानं भराभर संपली.

शेजारच्या खाटेवर कळव्याचे पाटीलमामा. आम्हा दोघांचंही हृदयाची झडप बदलायचं ठरलेलं. त्याआधी अँजिओग्राफी झाली आणि दोघांच्याही रक्तवाहिन्यांत ब्लॉक निघाले.

मामा म्हणाले, “गाडी हॉर्न बसवायला दिली, तं मेकॅनिक म्हणतो इंजिन पन खोलावं लागंल!”

*

मामांचं जेवण अळणी. पहिल्याच दुपारी ताट बाजूला सारून त्यांनी सिस्टरला सुनावलं, “माझ्या आज्याचं मिठागर व्हतं, आनि मलाच मीठ बंद?”

सिस्टर म्हणाली, “आजोबांनी तुमचाही कोटा संपवला, मामा!”

*

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बेत समजावला. माझी छाती उघडून बायपास आणि झडप एकाच वेळी. मामांना आधी मोठ्या ब्लॉकमध्ये स्टेंट, मग काही आठवड्यांनी मांडीतून नळी घालून नवी झडप. छोट्या ब्लॉकला हात लावायचा नाही, त्याला गोळ्या पुरेत.

“भाऊंना कॉम्बो आनि मला हप्त्यानं?” माझ्याकडे बोट दाखवत मामा भडकले. “नळ बदलतानाच पाईप पन बदलतात!”

बाई म्हणाल्या, “मामा, तेव्हा पाणी बंद करतात. तुमचं चालू ठेवूनच बदलायचंय!”

*

खरी अडचण वेगळीच होती. मामांच्या मुलीचं, सायलीचं, डोंबिवलीच्या ऑफिसातल्या मुलाशी जमलेलं. दोघांचं पक्कं, मुलाच्या आईचंही पक्कं. फक्त आंबिवलीचे त्याचे वडील महिनाभर “कळवतो” म्हणत होते. आणि मामांचा हट्ट, “पोरीचं ठरू दे, मंग काय ते करा. त्याआधी ऑपरेशनच्या फॉर्मवर सही नाय!”

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, “झडप फार अरुंद झालीय. थांबण्यात जिवाला धोका आहे.”

मामी शांतपणे म्हणाल्या, “अहो, मांडवात तुमी खुर्चीत पायजे. फोटोत नको.”

मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

*

त्याच संध्याकाळी मामांच्या बहिणीचा आंबिवलीहून फोन आला. वॉर्डात रेंज जेमतेम. मामा ओरडून सांगत होते, “दोन ब्लॉक! अगं, दोन ब्लॉक निघाले!”

आता आमच्याकडे फ्लॅटलाही ब्लॉकच म्हणतात. पलीकडून आनंदाची किंकाळी मलासुद्धा ऐकू आली. “अगो बाई! ताबा कधी?”

“ताबा कसला? ताबा डॉक्टरनी घेतलाय!” म्हणून मामांनी फोन कापला.

बहीण आख्ख्या आंबिवलीला ओळखायची.

*

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मुलाचे वडील हजर! हातात मोसंब्या, चेहऱ्यावर हसू.

“झडपेचं ऐकलं, वाईट वाटलं. पण दोन ब्लॉकचंही कानावर आलं हां!”

“लपवायचं काय त्यात?” मामा म्हणाले. “एक मोठा, एक छोटा.”

“शेजारी-शेजारी?”

“अगदी चिकटून.”

पाहुण्यांनी खुर्ची पुढे ओढली. “मग काय ठरवलंय?”

“मोठा आता मोकळा करतायत. छोटा आहे तसाच ठेवायचा.”

“उत्तम! छोटा पुढे पोरांना होईल.”

मामा ताडकन उठून बसले. “पोरांना? देव करो नि न होवो! मी भोगतोय तेवढं बास हाय!”

“वा! म्हणजे शेवटपर्यंत स्वतःकडेच ठेवणार. स्वाभिमानी माणूस!” पाहुण्यांनी मामांचा हात हातात घेतला. “आमच्याकडून होकार समजा. साखरपुडा तुम्ही चालते-फिरते झालात की!”

मामींनी क्षणही दवडला नाही. उशीखालचा फॉर्म काढून पेन मामांच्या बोटांत खोचलं.

“जमलं पोरीचं. करा सही!”

मामांनी सही केली.

पाहुणे दारापर्यंत पोचले, तसं मला राहवेना. मी घसा खाकरला. “अहो, ते ब्लॉक म्हणजे...”

मामींनी सोललेल्या मोसंबीची फोड माझ्या तोंडात कोंबली.

“भाऊ, डॉक्टरीणबाईंनी तुमाला बोलायची मनाई केलीय ना?”

मनाई नव्हती. पण पाळली.