बोटीतलं जास्तीचं वजन

आयर्लंडमधल्या कासलबारजवळच्या तळ्यावर दर शनिवारी मला एक पुणेकर गृहस्थ दिसत. त्यांच्याकडे जुनी अमेरिकन बास बोट, म्हणजे बास मासे धरायला बनवलेली वेगवान बोट, होती. बास मासा त्या तळ्यात नाही, पण गृहस्थांना मासे नकोच होते. त्यांना ताशी पन्नास मैल वेग हवा होता. त्यासाठी ते इंजिन कधी इंचभर वर चढवत, कधी खाली घेत, स्टीलच्या नव्या पंख्याची पाती पुसत, आणि रॉकेट सोडत असल्यासारख्या चेहऱ्याने मला सगळं समजावत. मग बोट हलकी करायला नांगर, गळ, गाद्या धक्क्यावर काढून ठेवत.

त्या शनिवारी त्यांचे वडील सोबत होते. सोमवारी त्यांचं परतीचं विमान होतं आणि एकदा तरी बोटीत बसायचं होतं. स्वेटरवर लाइफ जॅकेट घालून ते तयार उभे होते.

"बाबा, तुम्ही बसलात की वेगातले तीन मैल जातात," गृहस्थ म्हणाले. "आधी पन्नास होऊ दे."

"चालेल," म्हणून वडील गाद्यांशेजारी थांबले.

पाचव्या फेरीला पन्नास झाले. तोवर वारा सुटला होता, आणि अशा वाऱ्यात कुणाला बसवणं धोक्याचं, हेही गृहस्थांनी मला समजावलं. मग धक्क्याला लावलेल्या बोटीत, गाठलेल्या कमाल वेगाचा आकडा दाखवणाऱ्या पडद्याशेजारी ऐटीत उभं राहून त्यांनी वडिलांकडे फोन दिला. वडिलांनी चार पावलं मागे जाऊन मुलगा, बोट, तळं, पलीकडचा डोंगर, सगळं नीट बसवून फोटो काढला.

गृहस्थांनी तो बघितला. "बाबा, यात आकडा दिसतच नाहीये."