नमुन्याची भिंत

आर्किटेक्टसाहेबांनी उभ्या आयुष्यात पत्र्याच्या शेड, दुकानांचे पोटमाळे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहं सोडून काही बांधलं नव्हतं. कुठेही फिरायला गेलं की बायको विचारायची, "अहो, यातलं तुमचं काय?" आणि साहेब भरभर चालायला लागायचे. त्यामुळे जुन्या, नावाजलेल्या कॉलेजच्या आवारात वर्गांची नवी इमारत उभारायचं काम मिळालं, तेव्हा गडी हवेत होता. एक तरी इमारत 'ही माझी' म्हणून दाखवता यावी, एवढंच मागणं. जास्त होतं का? मुळीच नाही.

समितीची अट एकच, नवं बांधकाम जुन्यात बेमालूम मिसळलं पाहिजे. "आधी नमुन्याची भिंत बांधून दाखवा, मग बघू." साहेबांनी इमारतीचं मुख्य दार जिथे येणार होतं, नेमकी तिथेच पुरुषभर उंचीची भिंत घातली. तोच काळा दगड, तोच चुना. शेवाळ धरावं म्हणून घरून पातेलंभर ताक नेऊन फासलं. बायको म्हणाली, "भिंतीला ताक! आणि मी कालवणाला काय घालू?"

मग समिती विचार करायला बसली. विचार करताकरता काही सभासद निवृत्त झाले, काही देवाघरी गेले, आणि घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं. भिंतीला शेवाळ मात्र झकास धरलं.

शेवटी नव्या प्राचार्यबाईंनी काम पुन्हा हाती घेतलं. साहेब नकाशाची गुंडाळी काखेत मारून धावत गेले.

"छान आहे हो सगळं," बाई म्हणाल्या. "फक्त दारात ती ऐतिहासिक भिंत येतेय. तिला धक्का लागता कामा नये. इमारत मागे सरकवा."

"अहो मॅडम, ती मीच बांधलीय!"

इतिहासाचे विभागप्रमुख समजुतीने हसले. "कॉलेजच्याही आधीची आहे ती. मी तिच्यावर व्याख्यान दिलंय."

घ्या! साहेबांनी ताकाचीही हकिगत सांगितली. ती ऐकून बाईंनी काळजीने त्यांच्यासाठी पाणी मागवलं. मागे सरकायला जागा नव्हती, कुंपणच होतं. इमारत रद्द झाली.

घरी येऊन साहेब रडले, चक्क हुंदके देऊन. बायकोने रडू दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चला, दाखवा."

भिंतीभोवती आता साखळी होती. बायकोने ती सरळ ओलांडली आणि दगडाला हात टेकला.

"ओ बाई!" वॉचमन धावत आला. "हात नका लावू. पडली तर तशी पुन्हा बांधणारं कोण उरलंय आता?"

"हे काय, उभे आहेत ना," बायको म्हणाली.

वॉचमनने साहेबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बरं. पण साखळीच्या बाहेर उभं राहा."

दोघं बाहेर उभी राहिली. बायको दोनदा "चला" म्हणाली, पण साहेब हलेनात. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणीतरी थांबावं आणि विचारावं, यातलं तुमचं काय, म्हणून ते वाट बघत होते.